मधल्या कुस्त्यांचा चाहता

जावळी तालुक्यातली गावे चैत्र-वैशाखात माणसांनी भरतात. भाताची खाचरे कोरडी पडलेली असतात, पावसाला अजून महिना-दीड महिना अवकाश असतो, शाळा-कॉलेजांच्या परीक्षा आटोपलेल्या असतात. वाशीच्या बाजारात नाहीतर मुंबईच्या गोद्यांत माथाडीचे काम करणारी, दुकाने सांभाळणारी, गाड्या चालवणारी माणसे ग्रामदैवताच्या जत्रेसाठी गावी उतरतात. मेढा हे या तालुक्याचे ठाणे. वेण्णा नदीच्या काठी, साताऱ्याहून केळघरमार्गे महाबळेश्वरला जाणाऱ्या रस्त्यावर ते वसले आहे. वर्षातले दहा महिने सावकाश चालणारी त्याची बाजारपेठ या दिवसांत गजबजते. सातारा-सांगलीच्या बहुतेक गावांत जत्रेचा क्रम ठरून गेला आहे : पहिल्या दिवशी पालखी आणि छबिना, दुसऱ्या दिवशी दुपारी कुस्त्यांचे मैदान, रात्री तमाशा. हा लेख त्या दुसऱ्या दिवसाच्या दुपारविषयी आहे. मैदानाभोवती उन्हात चार-पाच तास बसून राहणारा जो माणूस असतो, त्याच्याविषयी आहे. कुस्तीवर आजवर जे लिहिले गेले ते बहुतांशी पैलवानांवर, वस्तादांवर आणि आश्रयदात्या राजांवर. कडेला बसलेला माणूस त्यात फक्त गर्दी म्हणून येतो. माझे म्हणणे असे की या भागातली कुस्ती त्या माणसाने जगवली आहे, आणि तिला पुढे न्यायचे असेल तर त्यानेच आपली नजर थोडी वळवायला हवी. शेवटच्या कुस्तीवरून ती मधल्या कुस्त्यांवर आली पाहिजे.

मैदान कसे चालते ते आधी पाहू. दुपारी आखाड्याची पूजा होते आणि हलगी वाजू लागते. सुरुवातीला येतात आठ-दहा वर्षांची पोरे. त्यांच्या कुस्त्या रेवड्यांवर किंवा नारळावर होतात, आणि जोड जागेवरच लागतो. पंच दोन पोरे शेजारी उभी करतात, उंची आणि अंगलट पाहतात आणि सलामी द्यायला लावतात. मग शंभर-दोनशे रुपयांच्या कुस्त्या, त्यानंतर पाचशेच्या, हजाराच्या, पाच हजारांच्या. उन्हे उतरू लागली की पत्रकावर ज्यांचे फोटो छापलेले असतात ते मोठे पैलवान येतात, आणि शेवटी एक नंबरची कुस्ती होते. तिच्या इनामाचा आकडा गावाच्या ऐपतीप्रमाणे लाखापर्यंत आणि त्याच्याही पुढे जातो. एक नंबरच्या कुस्तीतले दोघेही बहुधा बाहेरचे असतात. कोल्हापूर, पुणे किंवा सांगलीच्या तालमीतून ते येतात, क्वचित पंजाब-हरियाणातून. पंचक्रोशीतला मुलगा दिसतो तो त्याआधी, दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान. तेव्हा अर्धी माणसे चहाच्या टपरीवर असतात, व्यासपीठावर पाहुण्यांचे सत्कार चाललेले असतात आणि निवेदकाच्या आवाजात सत्काराची नावे आणि कुस्तीची नावे एकमेकांत मिसळून जातात. सतरा ते बावीस वर्षांचा, अकरावी-बारावीत किंवा कॉलेजात शिकणारा, पहाटे जोर-बैठका मारून एसटीने तास गाठणारा तो मुलगा पाचशे-हजारासाठी लढतो, जिंकला तर मैदानाला एक फेरी मारतो, लोक हातावर दहा-वीस-पन्नासच्या नोटा ठेवतात, आणि तो कपडे करून निघून जातो. पुढच्या वर्षी तो आला की नाही, हे सहसा कोणाच्या ध्यानात राहत नाही.

त्याला ध्यानात ठेवणारा माणूस या खेळाला हवा आहे. ही मागणी नवी नाही. या भागातल्या सर्वात मोठ्या क्रीडाविजयाच्या मुळाशी नेमका तोच माणूस होता. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरात 1926 साली जन्मलेले खाशाबा दादासाहेब जाधव कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात शिकले आणि पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले. म्हणजे ते कॉलेजचे खेळाडू होते आणि जत्रेच्या मैदानांतून वर आले होते. 1948 साली लंडनच्या ऑलिंपिकला कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने ते गेले आणि फ्लायवेट गटात सहावे आले. 1952 साली हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे उभे राहिनात, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. उरलेली रक्कम गोळेश्वर आणि आसपासच्या गावांनी वर्गणी काढून जमवली. बॅंटमवेट गटात खाशाबांनी ब्रॉंझपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसऱ्यासाठी देशाला 1996 पर्यंत, म्हणजे लिअँडर पेसच्या टेनिसपर्यंत, चव्वेचाळीस वर्षे थांबावे लागले. खाशाबा परतले तेव्हा कऱ्हाड स्टेशनापासून गावापर्यंत शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, आणि पायी थोडक्या वेळात होणाऱ्या वाटेला कित्येक तास लागले. त्यानंतर त्यांनी कोल्हापुरात कुस्त्या भरवून, स्वतः मैदानात उतरून खर्डेकरांचे पैसे फेडले. बैलगाड्यांची गोष्ट आपण पुष्कळदा सांगतो. वर्गणीची गोष्ट तिच्या आधीची आहे आणि तिच्याहून मोठी आहे. पदक मिळाल्यावर मिरवणूक कोणीही काढील. सहाव्या क्रमांकावर आलेल्या पोराला पुन्हा पाठवण्यासाठी घरोघर फिरणारी माणसे मात्र त्याला आधीपासून ओळखत होती. त्याचा डाव त्यांनी पाहिला होता, तो कुठे कमी पडला हे त्यांना ठाऊक होते, आणि म्हणून त्याच्यावर पैसा लावण्याचे त्यांना धाडस झाले. याच हकिगतीला आणखी एक कंगोरा आहे. हेलसिंकीत जपानच्या इशीशी लांबलेली झुंज संपताच खाशाबांना लगेच सोव्हिएत पैलवानाशी लढायला उभे केले गेले. मध्ये अर्ध्या तासाच्या विश्रांतीचा नियम होता, पण तो बजावून सांगायला तिथे एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता. ज्या मुलामागे गावे उभी होती, त्याच्यामागे ऐन वेळी एक माणूस नव्हता.

या उदाहरणात आणखी एक बाब दडलेली आहे, आणि माझ्या युक्तिवादाचा कणा तीच आहे. खाशाबा हलक्या वजनाचे होते. बॅंटमवेट म्हणजे 57 किलो. आजच्या जत्रेत त्या वजनाच्या पैलवानाचा फोटो पत्रकावर छापला जाणार नाही. एक नंबरची कुस्ती शंभर-सव्वाशे किलोंच्या पैलवानांची असते. महाराष्ट्र केसरीचा किताबही 86 किलोंच्या वरच्या खुल्या गटातच दिला जातो. चांदीची गदा, वृत्तपत्रांतले मथळे, फेटे आणि मिरवणुका सगळे तिकडे. आता भारताची ऑलिंपिकमधली कुस्तीची पदके मोजून पाहा. 1952 साली खाशाबा, 57 किलो. 2008 आणि 2012 साली सुशील कुमार, दोन्ही वेळा 66 किलो. 2012 सालीच योगेश्वर दत्त, 60 किलो. 2016 साली साक्षी मलिक, 58 किलो. टोकियोत रवी दहिया 57 किलोत आणि बजरंग पुनिया 65 किलोत. 2024 साली पॅरिसमध्ये अमन सेहरावत, पुन्हा 57 किलो. आठ पदके, आणि एकही 66 किलोंच्या वर नाही. आपल्या महाराष्ट्राचा राहुल आवारे 2018 साली राष्ट्रकुलात सुवर्णपदक जिंकला तो 57 किलोत, आणि पुढच्या वर्षी जागतिक स्पर्धेत ब्रॉंझ मिळवले ते 61 किलोत. सर्वात मोठ्या मंचावर आपला खेळ जिथे यशस्वी ठरला, ती वजने जत्रेच्या मैदानात दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान लढतात, आणि आपण त्या वेळी चहा पीत असतो. डोंगरातल्या मुलांची अंगकाठी पाहिली तर जावळीसाठी हे विशेष महत्त्वाचे आहे. काटक, चपळ, चढ-उतारावर वाढलेला साठ किलोंचा मुलगा या भागात घरोघर सापडतो. सव्वाशे किलोंचा घडवायला जो खुराक लागतो, तो एक-दोन एकर भातशेतीवर निघत नाही.

यावर पहिला आक्षेप इतिहासातूनच येतो आणि तो वजनदार आहे. सांगली जिल्ह्याने देशाला दिलेले दोन सर्वात मोठे मल्ल जड गटातले होते. शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर 1960 साली हिंदकेसरी झाले. कवठेपिरानचे मारुती माने 1964 साली. 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेतून या दोघांनी प्रत्येकी एक सुवर्ण आणि एक रौप्य आणले. वारणा आणि कृष्णेच्या खोऱ्यातल्या दोन खेड्यांतून निघालेल्या दोन पैलवानांनी एकाच स्पर्धेत चार पदके मिळवली, ही गोष्ट आजही छाती भरून यावी अशीच आहे. तेव्हा जड कुस्ती सोडून द्या, असे मी म्हणत नाही. पण आंदळकर आणि माने यांनाही कोणीतरी मधल्या कुस्तीत पाहिले होते. ते एक नंबरला जन्मले नव्हते. कोल्हापूरच्या तालमीत जाण्याआधी गावच्या आखाड्यात त्यांचे अंग कोणीतरी हेरले, घरच्यांना समजावले, दुधाची सोय केली. त्यांच्या उदाहरणातून शेवटच्या कुस्तीचे मोल सिद्ध होत नाही. शेवटची कुस्ती कोठून येते ते त्यातून कळते. शिवाय त्यांच्या काळानंतर जागतिक कुस्तीतला जड गट फार पुढे गेला आहे. इराण, तुर्कस्तान, रशिया, जॉर्जिया, अमेरिका यांच्या जड मल्लांसमोर ऑलिंपिकमध्ये भारताला अजून एकदाही पदकापर्यंत पोहोचता आलेले नाही. सहा दशकांपूर्वीच्या सुवर्णाची आठवण ठेवावी, पण तिच्यावर आजची वर्गणी ठरवू नये.

दुसरा आक्षेप जत्रा कमिटीकडून येतो, आणि तो व्यवहाराचा आहे. एक नंबरची कुस्ती मोठी नसेल तर माणसे जमणार नाहीत, माणसे जमली नाहीत तर वर्गणी निघणार नाही, आणि वर्गणी नसेल तर मधल्या कुस्त्यांनाही पैसा उरणार नाही. हे खरे आहे, आणि म्हणूनच मोठी कुस्ती बंद करण्याचा प्रश्न येत नाही. प्रश्न वाटणीचा आहे. समजा, एखाद्या गावाने शेवटच्या कुस्तीला एक लाख ठेवले आहेत. त्यातले वीस हजार काढून घेतले तर ती कुस्ती ऐंशी हजारांची होईल. ती पाहायला येणारा एकही माणूस त्या वीस हजारांसाठी घरी बसणार नाही. पण त्याच वीस हजारांत मधल्या वीस कुस्त्यांचे इनाम हजार-हजार रुपयांनी वाढते. हजाराची कुस्ती दोन हजारांची झाली, तर कॉलेजातल्या मुलाच्या खुराकाचे काही दिवस सुटतात. एका उन्हाळ्यात असा मुलगा दहा-बारा मैदाने करतो. सगळ्या गावांनी मिळून ही वाटणी केली, तर त्याच्या वर्षाच्या दुधाचा, तुपाचा आणि बदामाचा बराचसा हिशेब जुळू शकतो. तालमीतला मुलगा नेमका कोणत्या वयात कुस्ती सोडतो हे वस्तादांना विचारावे. अठरा ते वीस हे वय ते सांगतात. मुंबईतल्या काकाकडून नोकरीचा निरोप त्याच सुमाराला येतो आणि घरात खुराकाचा खर्च बोचायला लागलेला असतो. डावपेच कळू लागलेले असतात, ताकद भरू लागलेली असते, आणि त्याच वळणावर मुलगा हातचा जातो. त्या वळणावर त्याला दोन वर्षे थोपवून धरण्याइतका पैसा गावांकडे आहे. तो चुकीच्या जागी जातो आहे, एवढेच.

अशी वाटणी प्रत्यक्षात चालते, याचे एक दूरचे पण ठोस उदाहरण आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मॅसॅच्युसेट्स राज्यात केप कॉड नावाचा समुद्रात घुसलेला जमिनीचा चिंचोळा पट्टा आहे. तिथल्या लहान लहान गावांचे दहा बेसबॉल संघ उन्हाळ्यात आपसांत खेळतात. खेळणारे सगळे कॉलेजचे विद्यार्थी, देशभरातून आलेले. त्यांना खेळण्याचा पगार मिळत नाही. गावातली कुटुंबे त्यांना आपल्या घरी ठेवून घेतात. सामना पाहायला तिकीट नसते, मध्येच टोपी फिरवून पैसे गोळा केले जातात, आणि बहुतेक काम गावातले स्वयंसेवक करतात. 1985 पासून तिथे लाकडी बॅटनेच खेळायचा नियम आहे, कारण कॉलेजात हलक्या धातूच्या बॅटने खेळणाऱ्या मुलाची खरी परीक्षा लाकडाने होते, आणि पुढे व्यावसायिक खेळात लाकूडच असते. अमेरिकेच्या सर्वोच्च लीगमध्ये खेळलेल्या हजाराहून अधिक खेळाडूंनी आपला एखादा उन्हाळा या गावांत काढलेला आहे. तिथला चाहता कोणत्या तारकेच्या मागे जात नाही. त्याच्या संघातला मुलगा पुढच्या वर्षी नसणार, हे त्याला माहीत असते. तो गावच्या नावाशी बांधलेला असतो आणि आपल्या मैदानावरून गेलेल्या मुलाची पुढची वाटचाल वर्षानुवर्षे पाहत राहतो. आपल्याकडे हातावर नोटा ठेवण्याची रीत आहे, पाहुण्या पैलवानाला घरी जेवू घालण्याची रीत आहे, वर्गणी आहे, राबणारी तरुण मंडळे आहेत. कमी आहे ती फक्त त्या शेवटच्या सवयीची, म्हणजे वीस वर्षांच्या मुलाचे नाव लक्षात ठेवून त्याच्या मागे राहण्याची.

तिसरा आक्षेप जाणकारांचा आहे. मातीवरची कुस्ती आता कालबाह्य झाली, ऑलिंपिक मॅटवर होते, तेव्हा जत्रेच्या मैदानात पैसा आणि लक्ष घालून काय उपयोग, असे ते विचारतात. या आक्षेपात तथ्य आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. मातीत निकाल लागतो तो दोन्ही खांदे जमिनीला लागल्यावर. मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या असतात आणि प्रत्येक पकडीला गुण असतो. एकेरी पट काढून समोरच्याचा ताबा घेतला की दोन गुण, त्याला रिंगणाबाहेर ढकलले तर एक, आणि दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच संपते. समजा, आपल्या पोराने प्रतिस्पर्ध्याला पाच वेळा खाली घेतले, पण घिस्सा मारूनही त्याला चित करता आले नाही. मातीत ती कुस्ती पंच बरोबरीत सोडवतील. मॅटवर तो दहा-शून्याने जिंकलेला असेल. म्हणजे मातीचा जुना हिशेब सतत हल्ला करणाऱ्या चपळ मुलावर अन्याय करतो, आणि अंग टाकून पडून राहणाऱ्याला वाचवतो. पण याला उपाय आहे, आणि काही मैदानांनी तो स्वीकारलाही आहे. मधल्या कुस्त्यांना वेळ बांधून द्यायची, आणि वेळेत चितपट झाली नाही तर गुणांवर निकाल द्यायचा. असे झाले की तेच मैदान मॅटची पूर्वतयारी होते. खाशाबांच्याच बाबतीत पाहा. मातीवर वाढलेला हा पैलवान लंडनला मॅटवर आणि परक्या नियमांत उतरला तेव्हा सहावा आला, आणि चार वर्षांनी पदक घेऊन आला. मातीमुळे तो अडला नाही. संक्रमणाला त्याला वेळ लागला. तो वेळ आजच्या मुलाला सोळाव्या वर्षीच मिळावा, एवढीच व्यवस्था करायची आहे. आणि मातीत जे मिळते ते मॅटवर मिळत नाही, हेही सांगितले पाहिजे. हळद, ताक, तेल, लिंबू घालून कसलेल्या मातीत पाय रुततात, पकड निसटते, श्वास लवकर संपतो. तिथे ज्याचा दम टिकतो त्याला मॅटवरच्या सहा मिनिटांची भीती राहत नाही.

पण गुणांवर निकाल द्यायचा तर प्रेक्षकालाही गुण कळले पाहिजेत, आणि इथेच चाहत्याच्या जाणकारीचा मुद्दा येतो. या भागातला जुना प्रेक्षक डाव ओळखतो. ढाक लागणार की नाही हे तो पैलवानाच्या पायाच्या ठेवणीवरून सांगतो, खडाखडीत कोण वेळ काढतो आहे हे त्याला दिसते, आणि तो तसे मोठ्याने सुनावतो. ही जाणकारी पंचाला नीट वागायला लावते आणि पैलवानाला लढायला लावते. संगनमताने लावलेली, आधीच ठरवून सोडवलेली नुरा कुस्ती जिथे प्रेक्षक अडाणी असतो तिथेच खपते. मधल्या कुस्त्यांकडे पाठ फिरवणाऱ्या प्रेक्षकाची जाणकारी दरवर्षी थोडी थोडी झिजते, कारण डाव शिकायचे असतील तर तासाला दहा-बारा कुस्त्या होणारी ती मधली वेळच शाळा आहे. शेवटच्या कुस्तीत दोन जड मल्ल पंधरा-वीस मिनिटे एकमेकांच्या मानेवर हात ठेवून उभे राहतात. त्यातून काय शिकणार?

मुलींचा प्रश्न इथे टाळता येणार नाही, आणि मी तो आक्षेप म्हणून मांडत नाही, कारण तो माझ्या म्हणण्याला बळकटीच देतो. मार्च 2023 मध्ये महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा सांगलीत झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी बर्लिनमध्ये तिरंदाजीत जगज्जेती झाली. खेळ वेगळा, पण वय पाहा. पाठबळाची गरज कोणत्या वयात असते, हे यातून पुन्हा दिसते. जत्रेच्या मैदानाचा उंबरा मुलींसाठी बराच काळ बंद होता. आता काही गावे मुलींच्या एक-दोन कुस्त्या लावतात, पण त्या कौतुकापुरत्या, सत्काराच्या आधी. त्यांचेही जोड वजनाने आणि वयाने नीट लावून, मुलांच्या बरोबरीने इनाम ठेवून, मधल्या वेळेत पाच-सहा कुस्त्या लावल्या पाहिजेत. ज्या घरातली मुलगी मैदानात उतरते, त्या घरातल्या बायका मैदान पाहायला येतात. चाहत्यांची निम्मी संख्या आजवर घरीच बसवली गेली होती, हा या खेळाचा सर्वात मोठा तोटा आहे.

आणखी दोन शंका थोडक्यात. आपल्या पोराच्या मागे राहण्याने भांडणे होतील, पंचांवर दबाव येईल, असे म्हणतात. होतात, हे खरे. पण भांडण बहुधा निकाल अस्पष्ट असल्याने होते. वेळ आणि गुण बांधून दिले, शेजारच्या तालुक्यातले पंच आणले, की त्याचे कारणच कमी होते. दुसरी शंका शिक्षणाची. कुस्तीपायी मुले पुस्तक सोडतात, आणि तिशीनंतर हातात ना गदा राहते ना नोकरी. या शंकेबद्दल मला सर्वात जास्त आस्था आहे. तिला उत्तर एवढेच की कॉलेज आणि तालीम यांची फारकत नवी आहे. खाशाबा कॉलेजात होते, आणि त्यांना हेलसिंकीला पाठवण्यासाठी घर गहाण टाकणारा माणूस प्राचार्य होता. पुढे 1955 साली ते पोलीस खात्यात सब-इन्स्पेक्टर झाले, म्हणजे कुस्तीने त्यांना उपजीविकाही दिली. गावच्या चाहत्याने पठ्ठ्याला विचारायच्या दोन गोष्टी असाव्यात : यंदा किती मैदाने केलीस, आणि यंदा कितवीत आहेस.

शेवटी मुंबईकरांविषयी, कारण जावळीत हा सगळा खेळ त्यांच्या खिशावर उभा आहे. माथाडींच्या हक्कांसाठी लढलेले अण्णासाहेब पाटील शेजारच्या पाटण तालुक्यातले. 1969 सालच्या माथाडी कायद्याने इथल्या हजारो कुटुंबांना स्थिर पगार मिळाला आणि त्या पगारातून गावोगावची मंदिरे, सभामंडप आणि जत्रा उभ्या राहिल्या. गावाचा माणूस मुंबईत असतो, मग त्याने वर्षभर कोणाला कसे पाहावे, असा प्रश्न निघतो. माझ्या मते त्याच्याइतका चांगला चाहता दुसरा कोणी होऊ शकत नाही. तो वर्षातून एकदाच मुलाला पाहतो, म्हणून वर्षात मुलगा किती पुढे गेला हे त्याला नेमके दिसते. शेजाऱ्याला रोजच्या पाहण्यात ते कळत नाही. मुंबईकराकडे मोबाइल आहे, गावच्या मंडळाचा ग्रुप आहे. तालुका-जिल्हा स्पर्धेत गावचा मुलगा कुठवर गेला हे वस्तादाने एका ओळीत कळवले तरी पुरे. उन्हाळ्यात गाव गाठताना त्याने फक्त एक नंबरच्या जोडीची चौकशी करू नये.

वाचकांपैकी ज्यांच्या गावात येत्या चैत्र-वैशाखात मैदान भरेल, त्यांना एवढी विनंती आहे. वर्गणीची पावती फाडताना कमिटीला चार गोष्टी विचारा : मधल्या कुस्त्यांचे इनाम गेल्या वर्षीपेक्षा वाढले का, जोड वजन काट्यावर लागणार का, मुलींच्या कुस्त्या किती, आणि मैदानावर डॉक्टर व गाडी हजर असेल का. जमा-खर्चाचा कागद जत्रेनंतर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावायला सांगा. सत्कार आखाडा-पूजनाआधी उरकून घ्यायला सांगा. आणि दुपारी तीनच्या आत मैदानात येऊन बसा. पंचक्रोशीतल्या एका मुलाचे नाव, त्याची तालीम आणि त्याचे वजन लिहून घ्या, आणि पुढच्या वर्षी तो आला नाही तर का आला नाही, याची त्याच्या घरी जाऊन चौकशी करा.